पहिल्यांदाच गाडीचे टायर घेताय? दुकानात जाण्याआधी आणि गाडी जॅकवर असताना

टायरच्या दुकानात नव्या माणसाचे पैसे जातात ते महागड्या टायरमुळे कमी आणि न विचारलेल्या प्रश्नांमुळे जास्त. बाकी खरेदीत आपण चार दुकानं फिरतो, घासाघीस करतो. टायर घ्यायची वेळ मात्र पंक्चरवाल्याने "साहेब, हे आता गोटा झालेत" असं सांगितल्यावर येते. गाडी त्याच्याच दारात उभी असते, उद्या गावाला जायचं असतं, आणि तो म्हणेल तो भाव मान्य होतो. तेव्हा पहिली बचत घाई टाळण्यात आहे. टायर खलास व्हायच्या महिनाभर आधी शोध सुरू केला, तर खाली दिलेलं सगळं निवांत जमतं.

आधी बघा, टायर खरंच बदलायचे आहेत का

नव्या कारच्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर रस्त्यावर चालवायच्या लायकीचा राहत नाही. हे मोजण्याची सोय टायरमध्येच असते. नक्षीच्या मोठ्या खाचांत मधेमधे रबराचे बुटके आडवे बांध असतात. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं दिसतात, त्यांच्या सरळ रेषेत खाचेत बघा. नक्षी झिजून त्या बांधाच्या पातळीला आली की टायर संपला. मात्र १.६ ही कायद्याची शेवटची पायरी झाली. आपल्याकडच्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी कापायला कमी पडू लागतो, त्यामुळे मे महिन्यात नक्षी ३ च्या आसपास असेल तर मी दसऱ्याची वाट बघणार नाही. खोली मोजायचं गेज दोनेकशे रुपयांत मिळतं आणि पुढची कितीतरी वर्षं कामाला येतं.

नक्षी शाबूत असूनही टायर बाद होऊ शकतो. बाजूच्या भिंतीला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. खड्ड्यात आदळल्यावर हे हमखास होतं आणि त्याला दुरुस्ती नाही. बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसत असेल तर रबर म्हातारं झालंय. वर्षाला चार हजार किलोमीटर चालणाऱ्या, सोसायटीच्या उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांची हीच गत होते. नक्षी नव्यासारखी असते आणि रबर लाकडासारखं कडक. पाच वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. दहा वर्षं झाली की दिसायला कितीही चांगला असो, काढून टाकावा.

आणखी एक गोष्ट आत्ताच बघून घ्या, कारण तिच्यावर पुढचे पैसे अवलंबून आहेत: टायर कसा झिजलाय? दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जात होती. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड, आतली किंवा बाहेरची, खरवडल्यासारखी असेल तर अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) गेलंय, किंवा चाक धरून ठेवणारे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, यांपैकी काहीतरी सैल झालंय. ते दुरुस्त न करता नवे टायर घातले तर तेही तसेच झिजणार. एकाच कडेने खाल्लेले टायर दिसले, की टायरवाल्याच्या आधी मेकॅनिककडे जा.

मग साइझ लिहून घ्या, पूर्ण

टायरच्या अंगावर १८५/६५ आर१५ ८८एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. सुटतो तो शेवटचा तुकडा. ८८ हा वजन पेलण्याचा निर्देशांक असून त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ९१ म्हणजे ६१५. एच ही वेगाची मर्यादा: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. एवढ्या वेगाने कोणी जात नाही हे खरं, पण वरचं अक्षर म्हणजे उष्णता सोसण्याची जास्त क्षमता. नियम सोपा आहे. कंपनीने दिलेल्या निर्देशांकापेक्षा आणि अक्षरापेक्षा वरचं चालेल, खालचं नाही. दुकानदार "साइझ तीच आहे, थोडा स्वस्त पडेल" म्हणत खालच्या निर्देशांकाचा टायर पुढे करू शकतो. नको म्हणा.

साइझ आत्ता लावलेल्या टायरवरून घेऊ नका, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर. आधीच्या मालकाने काय घातलंय कोण जाणे. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर साइझ आणि हवेचा दाब दोन्ही असतात. तोच प्रमाण धरा. स्टिकर निघून गेला असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा.

"एक साइझ वरचा घाला, गाडी मस्त दिसते" हा सल्ला दुकानात फुकट मिळतो आणि महागात पडतो. मारुती स्विफ्टच्या साध्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ आणि वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५ येतात. गणित करून बघा. पहिल्याचा एकूण बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम इंचाने मोठी झाली तरी चाक तेवढंच राहतं, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि टायर कुठे घासत नाही. कंपनीने हे जुळवलेलं असतं. रस्त्याकडेच्या दुकानात रुंद टायर चढवला की व्यास बदलतो, स्टिअरिंग जड होतं, मायलेज उतरतं आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी बदल कळवला नव्हता म्हणून कटकट होऊ शकते. मोठी रिम आणि बुटकी भिंत घेतली तर आपल्या खड्ड्यांत फुगे येण्याची हमी. पहिल्यांदा टायर घेणाऱ्याने स्टिकरवरचीच साइझ घ्यावी, विषय संपला.

किती घ्यायचे: दोन, चार की पाच?

चारही सारखे झिजले असतील तर चार. पण पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, पुढचे टायर लवकर संपतात. तेव्हा दोनच घेणं अगदी रास्त आहे, फक्त एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे हवेत. फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही एकसारखे झिजलेले लागतात. तिथे कंजूसपणा केला तर खर्च गिअरच्या यंत्रणेत निघतो.

दोन घेतले तर नवे कुठे लावायचे? शंभरातले नव्वद जण पुढे म्हणतील. उत्तर मागे. पावसात साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला की पकड जाते. पुढचे टायर तरंगले तर स्टिअरिंग हलकं पडतं आणि गाडी सरळ जाते. तुम्हाला ते हाताला कळतं, पाय उचलला की बहुधा सावरतं. मागचे तरंगले तर काही कळायच्या आत गाडीची शेपूट फिरते, आणि आंबोलीच्या किंवा खंबाटकीच्या वळणावर ती सावरणं कसलेल्या ड्रायव्हरलाही जड जातं. म्हणून मागचे बरे टायर पुढे आणायचे आणि नवी जोडी मागे टाकायची. फिटर हसला तरी आग्रह धरा.

आता स्टेपनी. गाडीच्या जन्मापासून डिकीत पडून असलेला टायर अजून कोरा आहे, मग तीनच विकत घेऊन तो चौथा म्हणून वापरला तर? हिशेब चांगला आहे, पण तीन अटींवर. स्टेपनीची साइझ बाकीच्यांसारखीच असली पाहिजे. अलॉय असलेल्या बऱ्याच गाड्यांत ती लहान असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. तिच्याशी जोडी जमेल असा त्याच नक्षीचा नवा टायर आजही मिळाला पाहिजे. आणि तिचं वय पाच वर्षांच्या आत असावं. गाडी सहा वर्षांची असेल तर स्टेपनीही सहा वर्षांचीच, अंधारात ठेवली म्हणून ती तरुण राहिलेली नाही. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर एका टायरचे पैसे वाचले. तेव्हा जुन्यांतला सर्वांत बरा टायर स्टेपनी म्हणून ठेवा.

कोणता घ्यायचा

यावर लोक तासन् तास वाद घालतात. मी लवकर उरकतो. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा, मिशेलिन, कॉन्टिनेंटल यांतल्या कोणत्याही कंपनीचा, योग्य साइझचा, ताजा टायर रोजच्या वापराला पुरेसा चांगला असतो. फरक स्वभावात आहे. काही नक्ष्या जास्त किलोमीटर टिकण्यासाठी बनवलेल्या असतात, उदाहरणार्थ सिएटचा मायलेज एक्स३ किंवा अपोलोचा अ‍ॅमेझर ४जी लाइफ. त्यांचं रबर टणक असतं. मिशेलिनच्या एनर्जी एक्सएम२ प्लससारख्या टायरांचा भर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगवर आणि आरामावर आहे, किंमतही त्याप्रमाणे. नागपूर-चंद्रपूर करणाऱ्याने पहिल्या प्रकाराकडे बघावं. रत्नागिरीत राहून पावसाळाभर घाट चढणाऱ्याने दुसऱ्याकडे.

किलोमीटरमागचा हिशेब मांडला की डोकं शांत होतं. ४,५०० रुपयांचा टायर ४५,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला १० पैसे. ६,००० चा ५०,००० चालला तर १२ पैसे. चार टायरांचा फरक किलोमीटरला ८ पैशांचा. पेट्रोल किलोमीटरला पाच-सहा रुपये खातं. म्हणजे टायर बरा घेतल्याने कोणी कंगाल होत नाही, आणि हवा कमी ठेवून मायलेज घालवणारा माणूस टायरमध्ये वाचवलेले पैसे पंपावर देऊन येतो.

घ्यायचे नाहीत असे दोन प्रकार आहेत. एक, कारसाठी रिमोल्ड. ट्रकचं रिट्रेडिंग हा वेगळा आणि चांगला धंदा आहे, पण कारच्या टायरवर नवी साल चढवून एक्सप्रेसवेवर जाण्यात शहाणपण नाही. दुसरा त्याहून वाईट: गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरून, काळं पॉलिश मारून 'कमी चाललेला' म्हणून विकलेला टायर. ओळखायची खूण म्हणजे खाचा नको तेवढ्या धारदार दिसतात, आतले झीज दाखवणारे बांध गायब असतात, आणि कुठेकुठे खाचेच्या तळाशी तार किंवा कापड डोकावतं.

एक स्वस्त वाट मात्र खरी आहे. नवी गाडी घेतल्या घेतल्या लोक मोठे अलॉय बसवतात आणि शोरूमचे कोरे टायर दुकानात सोडून जातात. मोठ्या शहरांतल्या अलॉयच्या दुकानांत 'नव्या गाडीचे काढलेले टायर' विचारा. पाच-पन्नास किलोमीटर चाललेला चांगला टायर बराच स्वस्त मिळतो. अडचण वॉरंटीची असते, बिल तुमच्या नावाचं नवं मिळत नाही. तारीख आणि साइझ नीट पारखता येत असेल तरच या वाटेला जा.

भाव कसा विचारायचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ५,००० रुपये मूळ किमतीचा टायर आधी ६,४०० ला पडायचा, तो ५,९०० ला पडायला हवा. चार टायरांमागे दोन हजार वाचले. त्याआधी ज्यांनी टायर घेतले त्यांचे जुने भाव मित्रमंडळी अजून सांगत असतात, ते धरून घासाघीस केली तर 'स्वस्तात मिळाले' असं उगाच वाटतं.

अंदाज यावा म्हणून: १६५/८० आर१४ सारखा टायर साधारण साडेतीन ते पाच हजार, १८५/६५ आर१५ साडेचार ते सात हजार, आणि छोट्या एसयूव्हीचे १६ इंची सात ते अकरा हजारांच्या दरम्यान. छापील कमाल किंमत आणि विक्रीची किंमत यात चांगलं अंतर असतं, त्यामुळे "एमआरपीवर इतके टक्के सूट" या वाक्याने हुरळून जाऊ नका. एकूण आकडा विचारा.

हा आकडा विचारणं हीच खरी कला. दुकानदार टायरचा भाव पाडून सांगतो आणि फिटिंग, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), व्हॉल्व, नायट्रोजन, अलाइनमेंट यांत वसूल करतो. म्हणून तीन-चार दुकानांना एकच मेसेज पाठवा. कंपनीचं एक दुकान (सिएट शॉपी, अपोलो झोन, ब्रिजस्टोन सिलेक्ट, एमआरएफ टायर्स अँड सर्व्हिस यांपैकी जवळ असेल ते), अनेक ब्रँड ठेवणारी एक-दोन दुकानं, आणि ऑनलाइनचा भाव. मेसेज असा:

"नमस्कार. १८५/६५ आर१५ ८८एच, चार टायर हवेत. फिटिंग, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व, अलाइनमेंट आणि जीएसटी बिल धरून एकूण किती? टायर कोणत्या आठवड्यात बनलेले आहेत? जुन्या टायरचे किती धराल?"

एवढा मेसेज आला की समोरच्याला कळतं, गिऱ्हाईक नवखं नाही. उत्तरं आली की कमी भाव असलेला आकडा दुसऱ्याला दाखवून "दादा, यात बसवाल का?" विचारायला लाजू नका. टायरवर आणखी कमी होत नसेल तर अलाइनमेंट फुकट करून मागा, तिथे दुकानदाराची झीज कमी असते. चार टायर एकदम घेणाऱ्याला ते बहुतेक देतात.

ऑनलाइन मागवलेला टायर हजारेक रुपयांनी स्वस्त दिसतो. पण बाहेरून आणलेला टायर बसवायला काही दुकानं जास्त घेतात, काही नकार देतात, आणि जुन्या तारखेचा आला तर परत करण्याची खटपट तुमची. ऑनलाइन घेऊन ठरावीक दुकानात बसवून देणारी किंवा घरी व्हॅन पाठवणारी सेवा असेल तर विचार करा. सुटे टायर पार्सलने मागवणं नवख्यासाठी नाही.

"बिल नको असेल तर अजून चारशे कमी करतो" असं ऐकू येईल. ते चारशे रुपये म्हणजे तुमची वॉरंटी. बिलावर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.

दुकानात: रिमवर चढायच्या आधी

टायर मांडून झाले, पण अजून चढले नाहीत. ही पाच मिनिटं सर्वांत महत्त्वाची. एकदा रिमवर चढला की टायर तुमचा झाला.

साइझ, निर्देशांक, अक्षर पुन्हा वाचा. आयएसआयचं चिन्ह बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ते सक्तीचं आहे, कार टायरचं मानक आयएस १५६३३. मग तारीख शोधा. बाजूच्या भिंतीवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा, साधारण ऑगस्टचा पहिला पंधरवडा. काही टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात, टायर उलटून बघायला सांगा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षापर्यंत ठीक, त्यापुढे भाव पाडा किंवा नको म्हणा. चाकणला ब्रिजस्टोन, नाशिकला सिएट, वाळूजला गुडइयर टायर बनवतात. कारखाना इतका जवळ असला तरी कमी खपाची साइझ एखाद्या गोदामात दीड वर्ष पडून राहू शकते. चारही टायरांची तारीख एकेक करून बघा, कारण तीन ताजे आणि एक जुना हा खेळ होतो.

ज्या नक्षीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो तो गाडी पुढे जाताना पुढे फिरला पाहिजे. काही टायरांवर 'आउटसाइड' असं लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर. दोन्ही बाजू वेगळ्या नसतील तर ही चिंता नाही.

गाडी जॅकवर असताना

चहा प्यायला जाऊ नका. काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं, उभं राहून बघा. कोणी वाईट मानत नाही.

जुना टायर काढल्यावर रबरी व्हॉल्व बदलला जातोय का ते बघा. तीस-पन्नास रुपयांची वस्तू आहे, पण जुना ठेवला तर वर्षभराने तिथूनच हवा जाते. तुमच्या गाडीच्या चाकांत हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर काम सुरू होण्याआधी सांगा. ते व्हॉल्वलाच जोडलेले असतात आणि टायर सोडवणाऱ्या मशीनच्या पट्टीखाली आले तर मोडतात. टायरच्या भावाएवढा फटका बसतो. अलॉय असतील तर मशीनच्या पकडीवर प्लास्टिकचं आवरण आहे का ते बघा.

नव्या टायरवर पिवळा ठिपका दिसला तर ती त्याची हलकी बाजू. तो व्हॉल्वजवळ आणला की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. जाणता फिटर हे न सांगता करतो, त्यावरून माणसाची पारख होते.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवल्यावर दोन्ही बाजूंना शून्य येईपर्यंत शिशाचे तुकडे लावायचे असतात. वजन चिकटवल्यावर चाक पुन्हा एकदा फिरवून शून्य दाखवायला सांगा. बरेच जण दुसऱ्यांदा फिरवत नाहीत. एखाद्या चाकाला साठ-सत्तर ग्रॅम लागत असतील, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा, किंवा रिम वाकलीय का ते तपासायला सांगा.

नट घट्ट करताना हवेच्या गनने धडाधड आवळणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक रोग आहे. त्याने नटाचे आटे जातात, आणि हायवेवर पंक्चर झालं की गाडीतल्या पान्याने तो नट तुमच्याने सुटत नाही. आधी हाताने नट फिरवून बसवायचे, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने शेवटचा कस द्यायचा. किती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांना १०० न्यूटन मीटरच्या आसपास. टॉर्क पाना नसलेल्या दुकानात निदान शेवटचा कस हाताच्या पान्याने द्यायला लावा.

टायर रिमवर नीट बसावा म्हणून हवा आधी जास्त भरतात, आणि घाईत ती तशीच राहते. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी चारही चाकांचा दाब स्टिकरप्रमाणे करून घ्या. आणि स्टेपनीचाही, ती सगळे विसरतात. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागितले तर हसून नको म्हणा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आठवड्या-पंधरवड्याला साधी हवा तपासणारा माणूस नायट्रोजन भरून सहा महिने विसरणाऱ्यापेक्षा पुढे असतो.

अलाइनमेंट शेवटी, हवा बरोबर झाल्यावरच. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग छापून मागा. बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत, तेवढा सहज जुळवता येतो. "कॅम्बर (चाकाचा उभा कल) गेलाय, एका बाजूचे पाचशे पडतील" असं म्हटलं तर कागदावर तो आकडा लाल दिसतोय का ते बघा. लाल असेल तर आधी सस्पेन्शन तपासा. हिरवा असेल तर पाचशे खिशातच ठेवा.

गाडी घेऊन निघताना आणि नंतर

सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०च्या आसपास चालवून बघा, जिथे परवानगी आहे तिथे. स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग चुकलंय. एका बाजूला ओढ असेल किंवा सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर अलाइनमेंट. त्याच दिवशी परत जा. दुसऱ्या दिवशी गेलात की "खड्ड्यात गेली असेल" असं ऐकावं लागतं. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पान्याने तपासा.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून निघताना लागलेला बुळबुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक आणि वेगाची वळणं टाळा. समृद्धी महामार्गावर जायचं असेल तर आधी थोडे दिवस गावात चालवा. तिथल्या सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात ताशी १२० ने तासन् तास जाताना कमी हवेचा टायर भिंतीतून वाकत राहतो, तापतो आणि फुटतो. गुळगुळीत टायरच्या गाड्या तिथे परिवहन विभागाने प्रवेशावरच परत पाठवलेल्या आहेत.

त्यापुढे कामं दोनच. महिन्यातून निदान एकदा, गाडी थंड असताना हवा. आणि आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे; याने चारही एकत्र संपतात आणि पुढच्या वेळी भाव करायला हातात चार टायरांची ऑर्डर असते.

विम्याबद्दल गैरसमज बराच आहे, म्हणून तेवढं सांगून ठेवतो. नेहमीच्या मोटार पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोजचा प्रवास असेल आणि टायर महाग असतील तर विमा घेताना टायरचं वेगळं संरक्षण देणारी जोड (अ‍ॅड-ऑन) विचारा. साध्या हॅचबॅकला तिचा हप्ता बहुधा परवडत नाही.

कंपनीची वॉरंटी बनवण्यातल्या दोषापुरती असते, आणि जितकी नक्षी झिजली तितकी भरपाई कमी होते. खड्ड्याने आलेला फुगा त्यात सहसा बसत नाही, पण काही कंपन्या ठरावीक मुदतीत, ऑनलाइन नोंदणी केली असेल तर, तोही धरतात. ही नोंदणी दुकानातच, बिल हातात असताना करून घ्या. घरी गेल्यावर ती राहूनच जाते.

जुने टायर दुकानदाराला देऊन टाका. टायरमागे शंभर-दोनशे मिळाले तर बरं, नाही मिळाले तरी द्या. कुंडी करू, झोका करू म्हणून घरी आणलेल्या टायरात पावसाचं पाणी साचतं, डेंग्यूचे डास तिथेच होतात, आणि पावसाळ्यात पालिकेचा माणूस सोसायटीत फेरी मारताना आधी तेच बघतो.